जुना संगणक देताना : विंडोजऐवजी लिनक्स



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागातील हितचिंतकांकडून सध्या एकच प्रश्न वारंवार येतो : “घरी जुना संगणक पडून आहे. मुलांच्या वसतिगृहाला चालेल का?” याचे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र तो तयार करून दिला, तरच. तयारी न करता दिलेला संगणक ही भेट ठरत नाही. आपल्या माळ्यावरची अडगळ फक्त पाड्यावरच्या माळ्यावर जाऊन बसते आणि तिथल्या अधीक्षकांच्या कामात एक भर पडते. ही तयारी कशी करायची, ते या लेखात पाहू.

संगणक ‘जुना’ का झाला?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतरही संगणक चालू होतो, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणे बंद होते. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी साधारण एक वर्ष दुरुस्त्या घेण्याची सोय कंपनीने ठेवली. पण ती मुदतवाढच आहे, कायमचा उपाय नव्हे. विंडोज ११ घालावे म्हटले तर त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१३-१४ साली घेतलेला चांगला संगणक या अटींत बसत नाही. म्हणजे यंत्र बिघडलेले नसते, फक्त त्यावर चालणाऱ्या प्रणालीची मुदत संपलेली असते.

अशा वेळी गल्लीतल्या दुकानातून विंडोजची विनापरवाना प्रत घालून घेण्याचा मोह होतो. मुलांच्या हाती आपण जे यंत्र देणार, त्याची सुरुवात चोरीच्या प्रतीने व्हावी, हे आपल्याला शोभत नाही. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याची भीती असते, ती वेगळीच.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोजप्रमाणे लिनक्सही संगणक चालवणारी प्रणाली आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची ‘ग्नू’ चळवळ सुरू केली होती. या दोन्ही कामांच्या मेळातून आजची प्रणाली उभी राहिली. तिचा परवानाच असा आहे, की ती कोणीही वापरावी, तिच्या प्रती काढाव्यात, तिच्यात बदल करावेत आणि ती इतरांना द्यावी. एक पेनड्राइव्ह तयार केला, की त्यावरून दहा वसतिगृहांतील संगणक तयार करता येतात. त्यात कोणाची फसवणूक नाही आणि दरवर्षी भरायचे शुल्कही नाही.

आपल्या देशात ही नवलाई राहिलेली नाही. केरळमधील सरकारी शाळांचे संगणक शिक्षण अनेक वर्षे लिनक्सवर चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली तयार केली आणि २००७ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

खैराटचा धडा

मुंबईपासून फार लांब नसलेल्या रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा या वस्तीवर २००७ मध्ये एक प्रयोग झाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची भारतातील पहिली चाचणी तिथे घेण्यात आली. शाळा एकशिक्षकी होती आणि मुले वीस-बावीस होती. एक वर्ष आधी, २००६ मध्ये, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने या उपक्रमाला नकार दिला होता, तरीही ही छोटी शाळा पुढे आली. मुलांच्या हाती आलेल्या ‘एक्सओ’ नावाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर लिनक्सच चालत होते आणि त्यात फक्त २५६ एमबी रॅम होती. आज आपल्या घरी पडून असलेल्या ४ जीबीच्या संगणकात त्याच्या सोळापट रॅम असते. तेव्हा ‘एवढ्या जुन्या यंत्राचे काय होणार?’ ही शंका मनातून काढून टाकावी.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. तो लॅपटॉप मुद्दाम घडवलेला होता, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळण्यासारखे नव्हते. आपल्या साध्या संगणकाचा कीबोर्ड, रॅम किंवा डिस्क लॅमिंग्टन रोडवर मिळते आणि बहुतेक वेळा तालुक्याच्या गावीही मिळते. जुना पण सर्वसाधारण संगणक दुरुस्त होऊ शकतो, हे त्याचे मोठे बळ आहे.

कोणता संगणक द्यावा?

संगणक ६४-बिट असावा आणि त्यात निदान ४ जीबी रॅम असावी. २०१० नंतरचे बहुतेक संगणक ६४-बिट असतात. २ जीबी रॅमवरही हलकी प्रणाली चालते, पण इंटरनेट उघडल्यावर यंत्र दमते. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, तर संगणकाचा वेग सर्वांत जास्त वाढतो. नवा संगणक घेण्याच्या मानाने हा खर्च थोडा असतो. देणगी द्यायची असेल, तर ती इथे द्यावी.

आणखी एक बारीक गोष्ट. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद केल्यावर तारीख मागे जाते. तारीख चुकली की इंटरनेटवरील सुरक्षित पाने उघडत नाहीत आणि ‘संगणक बिघडला’ असे वाटून तो कोपऱ्यात जातो. ही बॅटरी अगदी स्वस्त असते. ती नवी घालूनच द्यावी.

जिथे दिवसातून अनेकदा लाइट जाते, तिथे बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप जास्त उपयोगी पडतो. डेस्कटॉप देणार असाल, तर सोबत यूपीएसचा विचार करावा.

आधी आपली माहिती काढून घ्या

फोटो, पत्रे, आधार आणि पॅनच्या प्रती, बँकेची विवरणे हे सर्व आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. लिनक्स बसवताना विंडोज आणि त्यातील सर्व फायली जातात. तरीही नुसते फॉरमॅट केल्याने जुनी माहिती पूर्ण पुसली जात नाही. जाणकार माणूस ती परत मिळवू शकतो. फिरती हार्ड डिस्क असल्यास लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘डिस्क्स’ नावाच्या साधनात संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिण्याचा पर्याय निवडावा. त्याला काही तास लागतात, रात्रभर चालू ठेवावे. एसएसडीसाठी ही पद्धत पुरेशी खात्रीची नाही. तिथे डिस्कच्या उत्पादकाने दिलेले पुसण्याचे साधन वापरावे, किंवा जुनी डिस्क काढून आपल्याजवळ ठेवावी.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. श्री-लिपी किंवा डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटांतील अहवाल, सभासद-याद्या, इतिवृत्ते दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. असा मजकूर विंडोज चालू असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि एक प्रत पीडीएफ करून ठेवावी.

बसवण्याची रीत

नवशिक्यांसाठी ‘लिनक्स मिंट’ सोयीची आहे. तिचा पडदा विंडोजसारखाच दिसतो : खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू. जुन्या यंत्रासाठी तिची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत.

१. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि विंडोजमधील ‘रूफस’ या मोफत साधनाने ती फाइल त्यावर चढवा. पेनड्राइव्हमधील आधीचे सर्व काही पुसले जाते.

२. संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावा. सुरू होताच डेल व लेनोव्होवर सहसा एफ १२, तर एचपीवर एफ ९ हे बटण दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

३. आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होईल. डिस्कला अजून हात लागलेला नाही, म्हणून घाई करू नका. वायफाय, आवाज, कीबोर्ड, माउस आणि असल्यास प्रिंटर चालतो का, ते तपासा. काही चालत नसेल तर ते इथेच कळते आणि आपण सुखरूप मागे फिरू शकतो.

४. सर्व ठीक असेल तर पडद्यावरील ‘इन्स्टॉल’ चिन्ह दाबा. संपूर्ण डिस्क पुसून मिंट बसवण्याचा पर्याय निवडा, वेळ कोलकात्याची ठेवा (भारतभर तीच प्रमाणवेळ असते) आणि नाव-पासवर्ड द्या. साधारण अर्ध्या तासात काम होते.

५. नंतर सर्व अद्ययावत दुरुस्त्या उतरवा. हे काम मुंबईतच पूर्ण करावे. मोखाडा-जव्हारच्या एखाद्या पाड्यावर नेटची रेंज शोधत बसण्याची वेळ अधीक्षकांवर आणू नये.

६. मुलांसाठी साधे खाते आणि अधीक्षकांसाठी व्यवस्थापकाचे वेगळे खाते करा. पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्याच हाती द्या. ‘टाइमशिफ्ट’ हे साधन चालू करून ठेवा. प्रणालीत काही बिघडले तर तिला आधीच्या चांगल्या स्थितीत नेता येते.

मराठी आणि अभ्यास

लिनक्सवर मराठी दिसावी आणि लिहिता यावी, यासाठी मुंबई-पुण्यातील अनेकांनी गेली पंचवीस वर्षे काम केले आहे. कीबोर्डच्या मांडणीत ‘मराठी’ जोडले की लगेच टंकन सुरू करता येते. इन्स्क्रिप्ट मांडणी शिकवावी. ती सर्व भारतीय लिप्यांसाठी सारख्याच तत्त्वावर बेतलेली आहे.

लिहिण्यासाठी व हिशेबासाठी लिबरऑफिस मिंटसोबतच येते. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री व टक्सपेंट, मोठ्यांसाठी जिओजेब्रा ही मोफत साधने आधीच बसवून द्यावीत. ‘किविक्स’मध्ये मराठी विकिपीडिया उतरवून दिला, तर तो नेट नसतानाही वाचता येतो. पवईच्या आयआयटी मुंबईने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस इत्यादींवर छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आहेत. त्यांतील अनेक मराठीत आहेत आणि स्वतःचे स्वतः शिकता यावे अशाच बेताने ते रचले आहेत. तेही उतरवून डिस्कवर ठेवावेत. ज्याच्या घरी वारली किंवा कातकरी बोलली जाते, त्या मुलाला इंग्रजी पाठापेक्षा मराठी पाठ नक्कीच जवळचा वाटतो.

लिनक्स कुठे पुरे पडत नाही?

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. विश्वस्त संस्थांचे हिशेब आणि डिजिटल स्वाक्षरीची कामे जिथे होतात, त्या कार्यालयात विंडोजचा एक संगणक राहू द्यावा. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रमही विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर शिकवला जातो. मोठ्या मुलांना त्या परीक्षेआधी थोडा सराव तिथे करावा लागेल. पण टंकन, फाइल जपून ठेवणे, तक्ता करणे, माहिती शोधणे ही कौशल्ये एका प्रणालीवर आली की दुसरीवर जायला वेळ लागत नाही.

दुसरी मर्यादा माणसांची आहे. संगणक पोचवला म्हणजे शिक्षण पोचले असे होत नाही. कोणीतरी मुलांसोबत बसावे लागते, अडले तर फोन उचलणारा कोणी असावा लागतो. म्हणून आमची विनंती अशी : संगणकासोबत आपला थोडा वेळही द्या. तो नेऊन देताना अर्धा दिवस तिथे थांबा, अधीक्षकांना आणि दोन मोठ्या मुलांना तो सुरू-बंद करण्यापासून सगळे दाखवा आणि पुढचे सहा महिने महिन्यातून एकदा विचारपूस करा. आपल्या धर्मग्रामात किंवा सोसायटीत संगणकाचे जाणकार तरुण असतील, तर हे काम त्यांच्यावर सोपवावे. एका सुटीच्या दिवशी तीन-चार जण मिळून पाच संगणक सहज तयार करू शकतात.

देण्यापूर्वी एकदा पाहावे : चार्जर किंवा वीजतार सोबत आहे, कीबोर्डची सर्व बटणे चालतात, तारीख बरोबर आहे, आपली माहिती पुसली आहे, मराठी लिहिता येते आणि पासवर्डचा कागद तयार आहे. यांतले काही राहिले असेल, तर संगणक आणखी एक आठवडा घरी ठेवावा. आणि जो खरोखरच चालण्यापलीकडे गेला आहे, तो पाड्यावर न पाठवता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.

ज्या संगणकावर आपली स्वतःची मुले बसली असती, तसाच संगणक तिथल्या मुलांना द्यावा. एवढे एक माप पुरेसे आहे.