बंदुकीचा परवाना म्हणजे दुकानाचा परवाना नव्हे

उल्हासनगर कॅम्प १मध्ये कापडाचे दुकान थाटावे, तसेच बंदुकीचेही थाटता येईल, अशी समजूत असते. ‘माझ्याकडे शस्त्रपरवाना आहे, आता गुमास्ता (दुकानाची नोंदणी) काढला की झाले,’ असेही वाटते. शेजारच्या अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी (सरकारी शस्त्रास्त्र कारखाना) असल्याने हा धंदा जवळचा वाटतो. कायद्यात मात्र तसे नाही.

शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 3चा परवाना बंदूक जवळ बाळगण्यापुरता. विक्रीसाठी कलम 5चा वेगळा विक्रेता परवाना (व्यापाराची सरकारी अनुमती) लागतो. डॉक्टरची चिठ्ठी खिशात असली, म्हणून कुणी मेडिकल स्टोअर उघडू शकत नाही, इथेही तसेच. स्वतःची बंदूक परवानाधारकाला विकता येते, पण लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते.

छोट्या दुकानदाराची खरी अडचण पुढेच आहे. साठा बंदोबस्तात ठेवायचा, विक्रीची नोंद ठेवायची आणि गिऱ्हाईक मोजकेच, कारण प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा. त्यातच 2019च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन बंदुकांवर आली.

विनापरवाना विक्रीला किमान सात वर्षांची कैद आहे. म्हणून गाळ्याची पागडी देण्याआधी विक्रेता परवान्याची चौकशी करावी.