कुंडीतलं तण खाता येतं का? आधी हे तपासा

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कुंड्यांत, अंगणात, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत कुणीही न लावलेलं बरंच काही उगवतं. माळी ते उपटून फेकतो. गंमत म्हणजे त्यातलीच घोळ आणि टाकळा बाजारात पैसे देऊन, जुडीने विकत घेतला जातो.

याच दिवसांत फीडमध्ये रानभाज्यांच्या रील्सही उगवतात. अर्ध्या मिनिटात फोडणी पडते, भाजी ताटात येते. ती वनस्पती ओळखायची कशी, हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

सुरुवात करायला घोळ सगळ्यात सोपी. जमिनीलगत पसरणारी, लालसर, गुळगुळीत, जाड दांड्याची. पानं गुबगुबीत, चमच्याच्या आकाराची आणि फुलं छोटी पिवळी. पाण्यातल्या माशांमुळे प्रसिद्ध असलेल्या ओमेगा-३ गटातलं एक मेदाम्ल या पानांत चांगल्या प्रमाणात असतं, हे १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. आपल्याकडे ती त्याआधीपासून ताकातल्या पातळ भाजीत जातेच आहे.

गडबड अशी, की घोळीच्या शेजारीच, तशीच जमिनीला चिकटून नायटी वाढते. ती खायची नाही. तिची काडी बारीक असते, पानं पातळ असतात आणि मोडल्यावर पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. घोळ मोडली तर फक्त पाणी दिसतं. पण यावरून ‘चीक आला म्हणजे विषारी, नाही आला म्हणजे खाण्याजोगी’ असा सरसकट नियम करू नका. पाथरीच्या पानांतूनही चीक येतो आणि ती आवडीने खातात. उलट धोतऱ्याच्या रोपाला पांढरा चीक नसतो आणि ते चांगलंच विषारी आहे.

टाकळा की कासविंदा?

खरी काळजी घ्यावी लागते ती इथे. कोकणात टाकळ्याची कोवळी पानं कांदा, खोबरं, कधी फणसाच्या आठळ्या घालून करतात. टाकळ्यासारखाच, त्याच कुळातला कासविंदाही पावसाळ्यात कुठेही उगवतो.

पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळ्याच्या शेवटी लहान मुलं अचानक आजारी पडायची. उलट्या व्हायच्या, शुद्ध हरपायची आणि अनेक मुलं दगावायची. हा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर असावा, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. बिजनौर परिसरातल्या रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी २००७ मध्ये वेगळंच कारण पुढे आणलं. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांमधल्या बिया खाल्ल्या होत्या. या बियांचा यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होतो.

काही भागांत कासविंद्याची कोवळी पानंही शिजवून खातात, हे खरं. पण घरात लहान मुलं असतील तर हे झाड शेंगा धरेपर्यंत अंगणात ठेवायचं कशाला?

फरक पानात दिसतो. टाकळ्याच्या एका पानावर साधारण ३ जोड्या पर्णिका असतात, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या ४ ते ६ जोड्या, टोकाला निमुळत्या. त्याच्या देठाच्या अगदी बुडाशी एक बारीक गाठ असते; टाकळ्यात तसा उंचवटा खालच्या पर्णिकांच्या मधोमध असतो. रोप अगदी लहान असेल तर जोड्या कमीही भरतात, म्हणून नुसतं मोजून थांबू नका. वासावर तर अजिबात जाऊ नका, दोन्ही उग्रच.

स्वतःच्या बागेचा फायदा

रस्त्याकडेच्या किंवा बागेबाहेरच्या जागेवर तणनाशक मारलंय का, सांडपाणी येतं का, हे कळत नाही. आपल्या कुंडीत काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. शिवाय रोप रोज दिसतं. शंका असेल तर न तोडता एक रोप फुलापर्यंत वाढू द्या. फूल आलं की ओळख बरीच पक्की होते. केन्याचं निळं फूल एकदा पाहिलं की दुसऱ्या वर्षी नुसत्या पानावरूनही तो ओळखू येतो. फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स अंदाजापुरती ठीक आहेत, पण कढईत टाकायचा निर्णय त्यांच्यावर सोडू नका. त्यापेक्षा बाजारात टाकळा विकणाऱ्या मावशींकडून एक जुडी आणा आणि घरचं रोप तिच्याशेजारी धरून बघा.

घोळ आणि आंबुशीत ऑक्झलेट बरंच असतं. मूतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खाऊ नयेत. इतरांनी घोळ ताकात किंवा दह्यात करावी. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं आणि शरीरात ते कमी शोषलं जातं.

पहिल्यांदा खाताना एकच भाजी, थोडीशी आणि शिजवूनच खा. तीन-चार पाल्यांची मिसळ केली आणि पोट बिघडलं, तर नेमकं कशाने ते कळणार नाही. तोडलेल्या पाल्यातली एक फांदी पाना-फुलांसकट बाजूला ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आलीच तर ती सोबत न्या.