बिलावल: सगळे स्वर शुद्ध असलेला थाट

सा रे ग म प ध नि हे सातही स्वर शुद्ध घेतले की बिलावल थाट होतो. पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला तर तो फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर वाजतो. पाश्चात्त्य संगीतातला सी मेजर तो हाच. कर्नाटक पद्धतीत त्याला धीरशंकराभरणम् म्हणतात. 72 मेळांत त्याचा क्रमांक 29 आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी दहा थाटांत बिलावलला शुद्ध स्वरांचा थाट मानले. दुर्गा, देशकार, शंकरा हे त्यातलेच राग, पण प्रत्येकाचा चेहरा वेगळा. केवळ स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही, हे मेजर स्केलशी तुलना करताना विसरले जाते. शिवाय पेटीचा गांधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो.

मैफलीत जास्त ऐकू येतो तो अल्हैया बिलावल. हा सकाळचा राग. वादी धैवत, संवादी गांधार. आरोहात मध्यम वर्ज्य, आणि अवरोहात कोमल निषादाचा हलका स्पर्श. खरी गंमत त्या स्पर्शातच आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव परिसराला बिलावलशी जोडणारा एक धागाही आहे. त्याच जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे असून त्यांतले एक बिलावल रागाखाली येते. या ग्रंथाचे मूळ रूप असलेल्या आदिग्रंथाचे संकलन 1604 चे. त्या काळचा बिलावल आजच्याच स्वरांचा होता असे मात्र गृहीत धरू नये.