चौल : एका बुजलेल्या बंदराची कथा

अंबरपेठेहून बिदर फार लांब नाही. तेथील महमूद गावानचा मदरसा आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. परंतु बहमनी काळात समुद्रापलीकडचा माणूस बिदरला कोणत्या वाटेने येई, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन जहाजात बसला आणि चौलला उतरला. घाट चढून तो जुन्नरला आला. तेथील खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीमुळे तो परत मिळाला. पुढे बिदर गाठून निकितिनने तो विकला. दक्षिणेत चांगल्या घोड्यांची पैदास कमी. म्हणून सुलतानांचे घोडदळ अशा बंदरांवर अवलंबून असे.

चौल हे रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाजवळ आहे. टॉलेमीने त्याला 'सिमिल्ला' म्हटले, तर अरबांनी 'सैमूर'. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदी येथे येऊन गेला. १५०८ मध्ये येथील आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला कोट बांधला. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्या कोटाने परतवला. १७४० मध्ये मात्र तो मराठ्यांच्या हाती आला.

मग बंदर लढायांनी बुडाले काय? तसे म्हणता येत नाही. वेढ्यानंतरही व्यापार चालूच होता. खाडी गाळाने भरत गेली, हे एक कारण. दुसरे कारण घाटावरचे. बिदरची सत्ता ढासळली, १६३६ मध्ये निजामशाही संपली, आणि चौलकडे माल पाठवणारा व मागवणारा मुलूख दुसऱ्या वाटांना लागला. आधी सुरत, मग मुंबई वाढली. चौलचे विणकरही मुंबईत जाऊन वसले. गोवळकोंड्याच्या मछलीपट्टणची गोष्टही फारशी वेगळी नाही.

आज चौलला नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि रेवदंड्याला पडक्या तटाच्या भिंती. खाडीपलीकडे कोर्लईत काही कुटुंबे अजून पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून झालेली बोली बोलतात. ती बोलणारे थोडेच उरले आहेत. बिदरचे अवशेष आपण जपतो. त्या वैभवाला घोडे पुरवणाऱ्या या गावाचीही आठवण ठेवावी.