आठ वॉटची श्रीमंती

महागड्या ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॉटचे आकडे मोठे असतात. पण शौकिनांच्या लाडक्या यंत्रांपैकी एकाची ताकद जेमतेम 8 वॉट! वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1930 च्या दशकात आणलेल्या ‘300बी’ व्हॉल्व्हवर चालणारा हा ॲम्प्लिफायर मूळ ध्वनीत थोडी भेसळ करतो. ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची. म्हणून कानाला गोड लागते. गोड असली तरी भेसळच. शिवाय त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असल्याने स्पीकर बदलला की आवाजाचा तोलही बदलतो. स्पीकर कमी संवेदनशील असेल तर तबल्याची जोरकस थाप चेपली जाते.

ट्रान्झिस्टरचा ‘क्लास ए’ ॲम्प्लिफायर स्वच्छ वाजतो, पण गाणं थांबलं तरी वीज खातच राहतो आणि खोली तापवतो. ‘क्लास डी’मध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. त्यामुळे सुमारे 90 टक्के वीज कामी येते, यंत्र थंड नि हलकं राहतं. शौकीन नाक मुरडतात, पण आजचे चांगले ‘क्लास डी’ मोजमापात 300बीच्या कितीतरी पुढे आहेत.

वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. तेव्हा पैसे आधी चांगल्या स्पीकरवर खर्च करा.