सेंदाईचें विद्यापीठ आणि त्याचें उघडें दार

विद्यापीठाची थोरवी कशावरून मोजावी, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा इमारतींच्या विस्तारावरून, परीक्षार्थींच्या संख्येवरून, नाहीं तर पदवीदान-समारंभाच्या थाटावरून देण्यांत येतें. आमच्या मतें ही कसोटी खोटी आहे. ज्ञानाची इच्छा धरून जो दाराशीं आला त्यास विद्यापीठानें कोणता प्रश्न विचारला, आणि आंत घेतल्यावर त्याच्या हातून जगास नवें असें काय दिलें, या दोन गोष्टी पाहिल्या म्हणजे विद्यापीठाचें खरें मोल कळतें. या कसोटीस लावून पाहण्याजोगें एक उदाहरण जपानांत आहे. तें राजधानींतलें नव्हे; राजधानीच्या उत्तरेस दूर असलेल्या सेंदाई शहरांतील तोहोकू विद्यापीठाचें होय.

तोहोकू म्हणजे ईशान्य. जपानचा हा प्रांत थंडीचा, शेतीवर जगणारा आणि दुष्काळानें वारंवार गांजलेला. टोकियो व क्योतो यांच्या मागून तिसरें शाही विद्यापीठ इ. स. १९०७ मध्यें या प्रांतास मिळालें. रशियाशीं झालेल्या युद्धानें सरकारी तिजोरी त्या वेळीं रिती झाली होती; तेव्हां पैसा आला तो फुरुकावा या खाणमालक घराण्याच्या देणगींतून. याच घराण्याच्या आशिओ येथील तांब्याच्या खाणीनें वातारासे नदीचें पाणी विषारी करून हजारों शेतकऱ्यांचीं शेतें नासविलीं होतीं, आणि तानाका शोझो यांनीं इ. स. १९०१ मध्यें ती तक्रार थेट सम्राटाच्या गाडीपर्यंत नेली होती. विद्येचें मंदिर नेहमीं निर्मळ द्रव्यावरच उभें राहतें असें नाहीं, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितों. कारण संस्थेची स्तुति करतांना तिचा पाया झांकून ठेवणें हा इतिहास नव्हे, भाटगिरी होय.

विज्ञानशाखा इ. स. १९११ मध्यें उघडली. पहिले कुलगुरु मासातारो सावायानागी यांच्या कारकीर्दींत एक धोरण ठरलें. इतर शाही विद्यापीठें ठराविक उच्च विद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या मुलांसच दार उघडीत; सेंदाईनें तांत्रिक शाळांतून आलेल्यांस व परवानाधारक शिक्षकांसही प्रवेशपरीक्षेस बसूं दिलें. नियमांत पात्रता लिहिली होती. पात्र मनुष्य पुरुषच असला पाहिजे असें कोठेंही लिहिलें नव्हतें. इ. स. १९१३ मध्यें या वाक्याची परीक्षा झाली. त्या उन्हाळ्यांत कांहीं स्त्रियांनीं अर्ज केले, तेव्हां शिक्षणखात्याचें पत्र आलें कीं, शाही विद्यापीठांत स्त्रियांस घेणें ही अभूतपूर्व व अत्यंत गंभीर बाब आहे, तरी त्याचें कारण कळवावें. विद्यापीठ डगमगलें नाहीं. चिका कुरोदा, उमे तांगे व राकु माकिता या तीन स्त्रिया परीक्षा उत्तीर्ण होऊन आंत आल्या. टोकियोच्या विद्यापीठानें हीच गोष्ट केली ती इ. स. १९४६ मध्यें, म्हणजे युद्धांत सर्वस्व गमावल्यानंतर!

या तिघींनीं काय केलें, असा प्रश्न संशयखोर विचारील. माकिताबाईंनीं गणित घेतलें, दोघींनीं रसायन. कुरोदाबाई इ. स. १९१६ मध्यें विज्ञानाच्या पदवीधर झाल्या; तो मान मिळविणाऱ्या जपानांतील त्या पहिल्या स्त्रियांपैकीं होत. त्यांनीं वनस्पतींतील रंगांचा अभ्यास केला, आणि ज्या करडईच्या फुलांपासून आपल्याकडे कुसुंबी रंग काढीत, त्याच फुलांतील तांबड्या रंगद्रव्यावरील संशोधनानें त्यांस इ. स. १९२९ मध्यें डॉक्टरेट मिळाली. तांगेबाई प्रवेश घेतांना चाळीस वर्षांच्या होत्या व लहानपणींच एका डोळ्यानें अधू झाल्या होत्या. त्यांनीं पुढें अमेरिकेंत जाऊन इ. स. १९२७ मध्यें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि मायदेशीं परतून जीवनसत्त्वांवर काम केलें. वय, व्यंग आणि स्त्रीत्व हीं तीनही कारणें पुढें करून जिला घरीं बसविणें सहज शक्य होतें, तिची ही कथा आहे.

दार रुंद केल्यानें विद्येचा दर्जा खालावतो, असें म्हणणाऱ्यांस याच विद्यापीठाची प्रयोगशाळा उत्तर देते. कोतारो होंडा यांनीं इ. स. १९१७ मध्यें ‘के. एस.’ नांवाचें चुंबकीय पोलाद तयार केलें. त्या काळीं जगांत त्याच्या तोडीचें कायम चुंबकत्वाचें पोलाद नव्हतें. होंडा यांच्या हाताखालीं पोलादाची व पुढें सर्व धातूंची संशोधनसंस्था उभी राहिली, आणि कारखान्यांतील अडचण हा प्रयोगशाळेचा विषय होण्यांत कमीपणा नाहीं, ही शिकवण तेथें रुजली.

याच सुमारास हिदेत्सुगु यागी व शिंतारो उडा यांनीं विशिष्ट अंतरावर धातूच्या कांड्या मांडून बिनतारी लहरी एकाच दिशेस पाठविण्याची व घेण्याची युक्ति शोधली. श्रमाचा मोठा भाग उडा यांचा, इ. स. १९२८ मध्यें इंग्रजींत निबंध लिहून ती जगापुढें मांडली यागींनीं, व पुष्कळ काळ नांवही एकट्या यागींचेंच चाललें. परंतु पिकतें तेथें विकत नाहीं! स्वदेशींच्या लष्करानें या शोधाकडे लक्ष दिलें नाहीं. इ. स. १९४२ मध्यें सिंगापूर पडलें, तेव्हां एका इंग्रज तंत्रज्ञाच्या वहींत ‘यागी’ हा शब्द जपानी अधिकाऱ्यांस आढळला आणि त्याचा अर्थ त्यांस कळेना. तें एका जपानी प्राध्यापकाचें नांव आहे, हें अखेर शत्रूच्या कैद्याकडून त्यांस समजलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. दूरदर्शन आपल्याकडे आल्यावर घरोघरच्या गच्चीवर जी कांड्यांची शिडी दिसूं लागली, ती हीच.

ही परंपरा खंडित झाली नाहीं. येथून इ. स. १९८३ मध्यें साधी पदवी घेऊन बाहेर पडलेले कोइची तानाका क्योतोच्या एका उपकरण-कारखान्यांत नोकरी करीत असतांना प्रथिनांसारखे मोठे रेणू मोजण्याची रीत शोधून गेले, आणि इ. स. २००२ मध्यें डॉक्टरेट नसतांना रसायनाच्या नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झाले. इ. स. २०११ च्या भूकंपानें व समुद्राच्या लाटेनें हा प्रांत उद्ध्वस्त केला. पुढच्याच वर्षीं विद्यापीठानें आपत्तिविज्ञानाची स्वतंत्र संस्था काढली. इ. स. २०२४ मध्यें जपान सरकारनें विशेष संशोधननिधीसाठीं जें पहिलें विद्यापीठ मान्य केलें, तेंही हेंच.

तथापि जपान म्हणजे आदर्शांचें माहेरघर, असा भ्रम कोणी करून घेऊं नये. इ. स. २०१८ मध्यें टोकियोंतील एका वैद्यकीय विद्यापीठानें मुलींचे प्रवेशपरीक्षेंतील गुण हेतुपुरस्सर कमी केल्याचें उघडकीस आलें. एकदां उघडलेलें दार आपोआप उघडें राहत नाहीं. त्यावर पहारा ठेवावा लागतो.

महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध आहे. अण्णासाहेब कर्वे यांस महिला विद्यापीठाची स्फूर्ति टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून झाली आणि इ. स. १९१६ मध्यें त्यांनीं तें काढलें, हें सर्वश्रुत आहे. तांगेबाई सेंदाईस जाण्यापूर्वीं त्याच टोकियोच्या संस्थेंत शिकल्या होत्या. म्हणजे स्त्रियांसाठीं वेगळें घर आणि सर्वांच्या घरांत समान जागा, हे दोन मार्ग परस्परविरोधी नसून पहिल्यानें दुसऱ्याची वाट तयार केली. आपल्याकडे ही दुसरी वाट किती बिकट होती, हें कमला भागवत, म्हणजे पुढें सोहोनी, यांच्या अनुभवावरून दिसतें. मुंबईच्या पदवीधर असूनही इ. स. १९३३ मध्यें बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांस प्रथम नकार मिळाला, तो केवळ स्त्री म्हणून. आणि आग्रह धरल्यावर प्रवेश मिळाला तो अटींवर. सेंदाईस ही शंका त्यापूर्वीं वीस वर्षें निकालांत निघाली होती. सोहोनीबाईंनीं इ. स. १९३९ मध्यें केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या अटींचें उत्तर दिलें.

तेव्हां आमच्या विद्यापीठांच्या चालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, सेंदाईची नक्कल नको, सेंदाईचा प्रश्न घ्या. तंत्रशाळेंतून आलेला मुलगा, संसार सांभाळून चाळिशींत पुन्हां पुस्तक हातीं घेणारी स्त्री, खेड्यांतला शाळामास्तर, हे दाराशीं आले म्हणजे तुम्ही त्यांची पात्रता तपासतां, कीं त्यांचा पूर्वीचा रस्ता तपासतां? आणि आपल्याच प्राध्यापकानें कांहीं नवें शोधलें, तर तें परक्याच्या वहींत वांचावयास मिळेपर्यंत आपण थांबणार काय? या दोन प्रश्नांचीं प्रामाणिक उत्तरें जेथें देण्यांत येतील, तेथें थोर विद्यापीठ उभें राहील. मग तें राजधानींत असो वा दुष्काळी मुलखांत.