जुन्या मोटारगाडीचे इंजिन जागच्या जागी जोरात का फिरते?

शेतमाल बाजारात नेण्यासाठी व घरच्या माणसांच्या प्रवासासाठी कार्बोरेटरची जुनी पेट्रोल मोटार आजही काही शेतकऱ्यांच्या दारी दिसते. कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाडा येथील कारखान्यातील, २०१४ साली उत्पादन थांबलेली अँबॅसडर, ही अशा गाड्यांची परिचित उदाहरणे होत. अशा गाडीत गिअर न्यूट्रलमध्ये असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन जोरात फिरत राहते, अशी तक्रार पुष्कळ वेळा येते. त्यामुळे पेट्रोल वाया जाते, पहिला गिअर टाकताना दाते करकरतात आणि घाट उतरताना इंजिनाचा रोध कमी मिळून ब्रेकवर जादा भार पडतो. म्हणून हा दोष क्षुल्लक समजू नये.

पुष्कळ जण अशा वेळी आयडलिंगचा स्क्रू उलटा फिरवून इंजिनाची रेस कमी करतात. मूळ कारण मात्र तसेच राहते आणि पुढे थंड इंजिन वारंवार बंद पडू लागते. इंजिनाचा वेग हा त्यात शिरणाऱ्या हवेवर व पेट्रोलवर अवलंबून असतो, हे लक्षात घेतल्यास तपासणीचा क्रम सहज ठरतो.

प्रथम इंजिन पूर्ण तापू द्यावे. गाडी नुकतीच सुरू केल्यावर चोक ओढलेला असताना रेस वाढलेली असणे स्वाभाविक आहे. तापल्यावर चोकची मूठ पूर्ण आत गेली असली तरी कार्बोरेटरवरील झडप व तिला जोडलेली तार खरोखर मागे आली आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटरची केबल अगर दांडी तात्पुरती सोडवावी. वेग लगेच उतरला तर केबल अडकते, फार ताणलेली आहे किंवा पायदळाची परतीची स्प्रिंग सैल झाली आहे, असे समजावे. केबल मोकळी केल्यावरही वेग तसाच राहिला, तर कार्बोरेटरवरील थ्रॉटलचा दांडा हाताने हलवून तो पूर्ण मिटतो किंवा नाही ते पाहावे. दांडा घासून ढिला झाला असल्यास त्याच्या बाजूनेही हवा आत शिरते.

यानंतर हवेची गळती शोधावी. कार्बोरेटरखालील गॅस्केट, इनलेट मॅनिफोल्डचा सांधा, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी आणि गाडीला पॉवर ब्रेक असल्यास त्याचीही नळी तपासावी. तडकलेली नळी ताबडतोब बदलावी, कारण ब्रेकच्या नळीच्या गळतीने ब्रेकचा साहाय्यक जोरही कमी होतो. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या मुखावर लाकडी फळी धरावी. इंजिन थोड्याच वेळात बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर हवा अन्य मार्गाने येत आहे हे निश्चित होय. संशयित सांध्यावर साबणाच्या पाण्याचा किंचित फवारा द्यावा. ज्या ठिकाणी फवारताच इंजिनाचा वेग बदलेल, तेथे गळती आहे असे समजावे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा रॉकेल कधीही फवारू नये, आगीचा धोका असतो. पाणी डिस्ट्रिब्यूटरवर वा तापलेल्या धुराच्या नळीवरही पडू देऊ नये.

वरील सर्व ठीक आढळल्यास डिस्ट्रिब्यूटरकडे वळावे. त्यातील वजने व त्यांच्या स्प्रिंगा अडकल्यास ठिणगी नियत वेळेपूर्वी पडते व इंजिन जोरात फिरते. हे टायमिंगचे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

दोष दूर झाल्यावर मगच आयडलिंगचा व मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून रेस ठीक करावी. कार्बोरेटरच्या गाड्यांत ती साधारणतः मिनिटाला ६०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. तथापि, गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. मिश्रणाचा स्क्रू आत आवळताना जोर लावू नये, त्याचे टोक खराब होते.

ही सर्व तपासणी उघड्या जागेत, हँडब्रेक ओढून व चाकांना दगडाची अटक लावून करावी. बंद गोठ्यात अगर गॅरेजात इंजिन चालू ठेवल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू जीव घेऊ शकतो.